तिखट कान

पाण्यात तोंड घालताना रत्नमालाने नाक चिमटीत धरलं होतं, डोळे गच्च मिटले होते आणि पन्नाशी उलटल्यावर लेगिंगवर तो निळा, अंगाला चिकटणारा झगा चढवून अनोळखी बायकांत उभं राहण्याची जेवढी म्हणून लाज वाटायची तेवढी वाटून झाली होती. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं नसतं तर रविवारी सकाळी सिडकोतल्या त्या तरणतलावाकडे ती फिरकलीही नसती. डोकं पाण्याखाली गेलं आणि कुणीतरी तिच्या कवटीच्या आतून ठोकलं. टक्. टक्. टक्. ती धडपडत वर आली. नाकातोंडात पाणी. शेजारी कुणीच नव्हतं. तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला प्रेरणा, म्हणजे बायकांना पोहायला शिकवणारी ती दणकट पोरगी, हातातलं स्टीलचं कडं शिडीच्या दांड्यावर आपटून खोल पाण्यातल्या बायकांना बाहेर बोलावत होती. हात खालीवर होत होता, तोंड उघडत-मिटत होतं, पण आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघाव्यात तसं सगळं चाललं होतं. रत्नमालाने परत डोकं बुडवलं. टक्. टक्. इतका करकरीत, इतका जवळचा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वर आली की सगळं गप्प, खाली गेली की टक्. दिव्याच्या बटणाशी खेळणाऱ्या पोरासारखी ती खाली-वर, खाली-वर करत राहिली, तेव्हा प्रेरणा पाण्यातून चालत येऊन तिच्यासमोर उभी राहिली. "काकू, दम लागायलाय का? बाहेर बसा थोडं." हे रत्नमालाने ऐकलं नाही, प्रेरणाच्या ओठांवर वाचलं. "नाही नाही, बरं वाटायलंय," असं ती म्हणाली. खरं तर तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

रत्नमालाला ऐकू येत नाही ही गोष्ट जगात फक्त रत्नमालाला ठाऊक होती. निदान तिचा तसा समज होता, आणि तो समज तिने एखादं दुखणाईत मूल जपावं तसा जपला होता. हे एका दिवसात झालं नव्हतं. तिची लेक श्रेया झाली त्या बाळंतपणानंतर कधीतरी कुकरची शिट्टी लांब गेली, मग पाखरं गेली, मग मागून हाक मारणारी माणसं, मग शेजारी बसलेली माणसं. पण नशीब बघा कसं, तिला नोकरी मिळालेली होती पाणीपुरवठ्याच्या एका वॉर्ड ऑफिसात, तक्रारींच्या खिडकीवर, आणि या शहरात पाण्याची तक्रार हळू आवाजात कुणी करत नाही. माणसं खिडकीशी यायची तीच ओरडत. "मॅडम, बाजू की गल्ली में पानी आया, हमारेच यहां कायकू नहीं आया?" असं कुणी शहागंजातलं बोंबलून गेलं की रत्नमालाला अक्षर न् अक्षर कळायचं. उलट जितका गोंगाट जास्त तितकं तिला बरं ऐकू यायचं. औरंगपुऱ्यातल्या गर्दीत, रिक्षांच्या भोंग्यांत, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत ती चांगली धडधाकट असायची, आणि शांत खोलीत मात्र बहिरी. हे कसं, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? जे कळायचं नाही त्यासाठी तिने एक वाक्य करून ठेवलं होतं. "तोंडी नाही चालणार, लेखी द्या." त्या वाक्यावर तिचं सगळं ऑफिस चाललं. लोक तिला म्हणायचे, खंदारेबाई कडक आहेत, खंदारेबाई नियमाच्या पक्क्या आहेत, खंदारेबाईंपुढे वशिला चालत नाही. साहेबसुद्धा बिचकून चिठ्ठी पाठवायचे. इतकी अब्रू कुणाला फुकट मिळत असेल असं तिला वाटत नसे.

आणि गल्लीत तर तिची कीर्ती याहूनही भलती होती. पाण्याचा वार असला की अख्खी गल्ली नळाच्या तोट्या उघड्या टाकून कानोसा घेत बसायची. आधी नळातून हवा सुटते, फुस्स करते, मग खाकरते, मग पाणी. ते फुस्स रत्नमालाला ऐकू यायचं केव्हाच बंद झालं होतं. एकदा पाण्याची वाट बघून कंटाळलेली ती अंगणातल्या भिंतीलगतच्या लोखंडी पाइपावर कपाळ टेकून उभी राहिली, आणि तिच्या कपाळातून काहीतरी घरघरत आलं. लांबून, फार लांबून, टेकडीवरच्या टाकीकडून असेल किंवा त्याच्याही पलीकडून, भरलेल्या पाइपातून पाणी सरकत येत होतं आणि आपल्या येण्याची वर्दी पुढे पाठवत होतं. "पाणी निघालंय, मोटारी लावा," असं ती सहज म्हणाली. कुणाला खरं वाटलं नाही. थोड्या वेळाने नळ खाकरले. त्या दिवसापासून समोरची मोनिका पाण्याच्या वारी तिच्याच दारात येऊन बसू लागली. "काकूंचे कान लई तिखट बाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हे कौतुक मोनिका तिच्या तोंडासमोर करायची म्हणून रत्नमालाला कळायचं, आणि ती हसायची. चोराला पोलीसपाटील केल्यावर तो हसेल तसं.

स्कुटी काढून ती घरी निघाली तेव्हा केसांतून पाणी पाठीत उतरत होतं. रविवारचा रस्ता रिकामा होता, आणि म्हणून तिच्यापुरता मुकाही. ट्रकवाला मागून हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे बापडा, ती डाव्या कडेने चालली होती. तिच्या डोक्यात श्रेया बोलत होती. श्रेया, तिची एकुलती एक, गोव्याला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती, आणि तिची नोकरी होती ऐकण्याची. पाण्यात सोडलेल्या यंत्रांनी जे टिपलं ते कानाला लावून ऐकायचं आणि त्यात देवमासा कुठला, बोट कुठली, पाऊस कुठला, ते वेगळं करायचं. पहिल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा, म्हणजे शांत घरातही समोर बसून कुणी मोठ्याने बोललं तर रत्नमालाला कळायचं त्या काळात, जेवताना ती ताटातला भात बाजूला सारून वरणाचा समुद्र करून समजावत होती. आई, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो. आणि खाली एका खोलीवर असा एक थर असतो की त्यात शिरलेला आवाज वरही जात नाही आणि खालीही जात नाही, वर गेला की वळून खाली येतो, खाली गेला की वळून वर येतो, असा हजारो किलोमीटर जातो. देवमासा इकडे हुंकारतो आणि पार तिकडे दुसऱ्याला पोचतं. रत्नमालाला तेव्हा माहेरची, पाचोडच्या वाटेवरची चाकोरी आठवली होती. गाडीचं चाक एकदा तीत पडलं की बैल झोपले तरी गाडी बाजारात पोचायची. "मग तिथं माणूस बुडी मारून बसला तर त्याला कळतं का कुठून आलं ते?" असं तिने विचारलं होतं. "नाही ना. पाण्यात दिशा कळतच नाही. आपल्याच डोक्यात वाजल्यासारखं वाटतं. आणि आई, पाण्यात कान लागतातच कुठं, हाडं ऐकतात, कवटी ऐकते." राजेंद्र, म्हणजे श्रेयाचे वडील, वरण भुरकत म्हणाले होते, "मग आमच्या साहेबाला पाण्यात घालून बघा, त्याची कवटी तरी ऐकते का." सगळे हसले होते. हाडं ऐकतात. तेव्हाच तिने लक्ष द्यायला हवं होतं, पण ती पोळ्या वाढत होती.

चौकात सिग्नलला ती थांबली आणि पिशवीतला मोबाइल तिने चाचपला. कारण आवाज आठवला की श्रेयाच्या आवाजापाशी येऊन तिचं मन अडायचंच. ही पोरगी मेसेज लिहायची नाही. बोलायची. बसमधून, बोटीवरून, बाजारातून, आवाजाच्या त्या पट्ट्या पाठवत राहायची आणि वर कधी देवमाशाचा हुंकारही पाठवायची. फोन आला की रत्नमाला तो कापून 'ऑफिसात आहे, मेसेज कर' असं लिहायची. व्हिडिओवर आली तर थोडा वेळ ओठ वाचायची आणि अवघड झालं की 'रेंज नाही गं' म्हणून बंद करायची. नेटवर्क खराब असण्याचे एवढे उपकार दुसऱ्या कुणावर झाले नसतील. आणि आवाजाच्या पट्ट्यांना उत्तर म्हणून तिच्याकडे एक साचा तयार होता. पट्टी लांब असेल तर 'छान! काळजी घे' आणि एक फूल. आखूड असेल तर नुसतं फूल. पोरगी लांब बोलते म्हणजे मजेत आहे, असा तिचा हिशेब होता. गेल्या आठवड्यात एक बरीच लांब पट्टी आली होती. तिला तिने 'छान! काळजी घे' आणि फूल पाठवलं होतं. आणि तेव्हापासून श्रेया बोललेली नव्हती. लिहीत होती. 'हो.' 'जेवले.' 'ठीक.' रत्नमालाला आधी हायसं वाटलं होतं, चला, पोरीला एकदाची लिहायची अक्कल आली. मग एकेका शब्दाची ती उत्तरं बघता बघता तिला कसंतरी होऊ लागलं. ती पट्टी तिने दोन्ही कानांना लावून पाहिली. आत कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलतंय असं वाटलं, एवढंच. दुसऱ्या कुणाला ऐकवायची म्हणजे सगळंच उघडं करायचं. तिने ती तशीच ठेवली. मागच्या रिक्षावाल्याने पुढे येऊन तोंडासमोर हात नाचवला तेव्हा तिला कळलं की सिग्नल सुटून गेलाय.

आपली आई व्हायचं नाही, एवढंच तिने आयुष्यात ठरवून केलं होतं. कडूबाई, तिची आई, पाचोडजवळच्या वस्तीवर 'बहिरी कडू' म्हणूनच सगळ्यांना ठाऊक होती. तापात कान गेले असं घरात सांगायचे. कुठला ताप, कधीचा, कुणी विचारलं नाही. बहिरी माणसं ओरडून बोलतात म्हणतात, पण कडूबाई कधी ओरडली नाही. उलट इतकं हळू बोलायची की लोकच 'काय?' म्हणून पुढे वाकायचे. लोक तिला काही सांगायचे थांबले होते. म्हैस विकली ते दाव्यावरून म्हैस गेल्यावर तिला कळलं. भाऊ वारला ते माणसं टोप्या काढून अंगणात बसल्यावर कळलं. आणि तिने स्वतःपुरता तोडगा काढला होता, जो जे बोलेल त्याला मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायचं. रत्नमालाला बघायला पाहुणे आले तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पाहुण्यांतल्या कुण्या टवाळाने विचारलं, "काय मावशे, पोरगी कामात लई आळशी हाय म्हनं?" आणि कडूबाई पदर सावरत, कौतुकाने, तोंड भरून म्हणाली, "व्हय, व्हय." घर हसलं. वडील, पुंजाराम, तेही हसले. सगळे हसतात म्हणून कडूबाईही हसली. ते तिचं हसणं रत्नमालाच्या डोळ्यांसमोरून आजतागायत हललेलं नाही. आपल्याला काहीही होवो, पण असं हसायची वेळ येऊ नये, हे तिने त्या ट्रेमागे उभं राहून ठरवलं होतं. आणि आता स्कुटी गल्लीत वळवताना तिच्या मनात आलं, की ते 'छान' आणि ते फूल म्हणजे दुसरं काय होतं? मोबाइलवर लिहिलेलं "व्हय, व्हय".

आणि विहीर. विहीर तिला आठवली ती अंगणात ओले कपडे वाळत घालताना, ओल्या कपड्यांच्या वासाबरोबर. वस्तीच्या विहिरीत पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोरी पोहायला शिकायच्या, आणि रत्नमालाला शिकवायला खुद्द कडूबाई लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरायची. पोरांचा एक खेळ होता. एकाने विहिरीच्या त्या कडेला बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटायचे, बाकीच्यांनी या कडेला डोकं बुडवून मोजायचं आणि वर येऊन बोटांनी दाखवायचं. कडूबाईही बुडी मारायची आणि वर आली की तिची बोटं कधी चुकायची नाहीत. पोरं म्हणायची, मावशी पाण्यात डोळे उघडते, हात बघून मोजते. रत्नमालानेही तेच मानलं होतं. गढूळ पाण्यात! त्या विहिरीचं पाणी असं होतं की स्वतःचा हात दिसायचा नाही. कपड्याचा पिळा हातात तसाच धरून रत्नमाला मटकन अंगणाच्या पायरीवर बसली. आई बघत नव्हती. आईला ऐकू येत होतं. ती विहिरीत उतरली की बाहेर निघायचं नाव घेत नसे, पुंजाराम काठावरून शिव्या द्यायचे, "कडे, म्हैस हायेस का तू?" आणि ती परत डोकं बुडवायची. साऱ्या जगात तेवढ्या एका जागी तिला ऐकू येत होतं, आणि ती ते कुणाला सांगू शकली नाही, कारण तिचं बोलणं ऐकायला कुणी थांबत नव्हतं. रत्नमालाला रडू आलं. ते तिने ओल्या टॉवेलने पुसलं आणि उठली, कारण बसून राहवत नव्हतं.

दुपारी राजेंद्र हॉलमध्ये टीव्हीसमोर पेंगत होते आणि ती पोळ्या लाटत होती. मन ठिकाणावर नव्हतं. पोळी एकीकडे फाटत होती, एकीकडे जाड राहत होती. तिने मोबाइल कपाळाला लावून पाहिला, पाइपाला टेकायची तसा. गुणगुण आली, जास्त नाही. कानामागच्या हाडाला लावला, थोडी जास्त आली. लोखंड पाहिजे, पाणी पाहिजे, काहीतरी भरीव पाहिजे. तिने हातातल्या लाटण्याकडे पाहिलं. जे मनात आलं ते इतकं खुळचट होतं की तिने आधी दाराकडे बघून घेतलं, मग लाटण्याचं पीठ पुसलं, मोबाइल ओट्यावर ठेवला, आवाज होता तेवढा सगळा मोठा केला, लाटण्याचं एक टोक मोबाइलवर टेकवलं आणि दुसरं दातांत घट्ट धरलं. ओट्यावर अशी वाकून, कुत्र्याने हाडूक धरावं तसं लाटणं धरून, तिने बोटाने ती लांब पट्टी दाबली.

"आई." श्रेया तिच्या दाढांत बोलली. हा आवाज! नाकातला, थोडा घोगरा, शाळेतून आल्यावर दप्तर फेकून 'आई' म्हणायची तोच. रत्नमालाने दोन्ही हातांनी ओटा धरला, दात सुटू दिले नाहीत. "आई, फोन उचलत नाहीस, ऑफिसात असशील. लिहायला घेतलं पण लिहवेना, म्हणून बोलतेय. माझ्या कानांचं काहीतरी झालंय गं. कामावर मला खालच्या सुरातले, घुमणारे आवाज ऐकू येईनात. मला वाटलं हेडफोन बिघडले. मी ते दोनदा बदलून घेतले. मग डॉक्टरकडे गेले. कानात तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं, ते हलायला पाहिजे, माझं घट्ट होत चाललंय. आतला कान चांगला आहे म्हणाले, पण आवाज तिथवर पोचत नाही. ऑपरेशन होतं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला आहे का, बहुतेक घरातूनच येतं. मी म्हटलं, आजी बहिरी होती पण ती तापानं. आणि माझ्या आईचे कान तर इतके तिखट आहेत की गल्लीत पाणी यायच्या आधी तिला ऐकू येतं." इथे श्रेया जराशी हसली होती. ते हसू लाटण्यातून आलं आणि रत्नमालाच्या जबड्यात रुतलं. "मग ते म्हणाले, दुसरं काही आहे का ते बघायला डोक्याचे फोटो काढावे लागतील. आई, मला फार भीती वाटतेय. बाळंतपणात हे वाढतं म्हणतात. विश्वजीतलाही मी अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याला आधी सांगायचं का आईला, म्हटलं आईला. मी ऐकण्याचा पगार घेते गं. ऐकूच आलं नाही तर मी कोण? तू काहीतरी बोल ना. लिहू नकोस. बोल."

आणि त्याच्याखाली तिचं स्वतःचं उत्तर. छान! काळजी घे. फूल.

लाटणं हातात घेऊन ती स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरू लागली. तव्यावरची पोळी करपली, तिने गॅस बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. आई आणि फूल. पोरगी रडत रडत सांगते, मी बहिरी होत चाललेय, आणि आई तिला झेंडूचं फूल पाठवते. काय वाटलं असेल तिला? चिडली असेल, मग परत एकदा वाचलं असेल, मग आईला कामात धड ऐकायलाही सवड नाही असं स्वतःला समजावलं असेल. आणि ते डोक्याचे फोटो, ती भीती, सगळं कशासाठी? एका बाईने आपली अब्रू राखली म्हणून. तिने मोबाइल घेऊन लिहिलं, 'आत्ता ऐकलं.' पुसलं. 'सॉरी बाळा, कामात होते.' पुसलं. खोटं आता बोटांच्या टोकांशी आपोआप येत होतं. 'तपासणीचा कागद पाठव.' आई गं, इथेही लेखी द्या! तिने मोबाइल पिठाच्या परातीत टाकला आणि परत उचलला. सांगायचं म्हणजे मोनिका उद्यापासून दारात बसणार नाही. ऑफिसात खिडकीवरून उठवून मागच्या टेबलाला बसवतील. लोक तिला काही सांगायचे थांबतील. एखादा टवाळ विचारील, काय खंदारेबाई, लई आळशी का? हे सगळं तिला समोर दिसत होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध श्रेया डॉक्टरांपुढे बसून तिच्या तिखट कानांचा अभिमान सांगत होती.

पायाखालची फरशी हलली. राजेंद्र दारात उभे राहून पाय आपटत होते. हे ते हल्ली नेहमी करायचे, आणि तिला वाटायचं की म्हातारपणी पायाला खोड लागली. तिने वर पाहिल्यावरच त्यांनी तोंड उघडलं. "काय जळायलंय? वास यायलाय." मग तिचा चेहरा बघून ते थांबले. आणि एकेक करून तिच्या ध्यानात आलं. त्यांचं ते समोर आल्याशिवाय न बोलणं, शब्द सावकाश, मोठ्या तोंडाने म्हणणं, टीव्ही तिला पुरेल इतका मोठा लावणं आणि वर 'मलाच कमी ऐकू यायलंय' म्हणणं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली.

राजेंद्रांनी खांदे उडवले. "लई दिवस झाले. तुला सांगायचं नसंल म्हनून गप बसलो."

तिला त्यांचा राग आला, इतका की लाटणं फेकून मारावं. आणि त्याच वेळी त्या उभ्या, ढेरपोट्या माणसाच्या गळ्यात पडावं असंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच तिने केलं नाही. तिने मोबाइल त्यांच्या हातात दिला. "श्रेयाला व्हिडिओ लावा. आणि हलवू नका, नीट धरा."

श्रेया लगेच आली. खिडकीपाशी बसली होती, केस विंचरलेले नव्हते, आणि चेहऱ्यावर ते 'ठीक' होतं, ते 'जेवले' होतं. ओठ हलले. रत्नमालाने ते वाचले नाहीत. "थांब," ती म्हणाली. "आधी मी बोलते. तू म्हणालीस ना, लिहू नकोस, बोल. तुझं ते मला आज ऐकू आलं. त्या दिवशी ऐकू आलंच नव्हतं. मला ऐकू येत नाही, श्रेया. कधीचंच येत नाही. पाण्याचं मी पाइपाला कपाळ लावून ओळखते, कान तिखट नाहीत माझे. तुझ्या आजीला कुठला ताप-बिप काही आलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं ना, घरात कुणाला आहे का? आहे, म्हणून सांग त्यांना. आजीला होतं, मला आहे. उद्याच सांग. ऑपरेशन करायचं तर दोघी करू, मी येते तिकडं." आपण किती मोठ्याने बोलतोय याचा तिला अंदाज नव्हता, कदाचित ती कुजबुजतच असेल. श्रेयाचा हात तोंडावर गेला होता. बोटांआड ओठ दिसत नव्हते, आणि आता वाचण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"धरा," ती राजेंद्रांना म्हणाली. त्यांनी दोन्ही हातांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने लाटण्याचं टोक मोबाइलच्या वरच्या कडेला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. पडद्यावर श्रेया आधी नुसती बघत राहिली. आई, ओले केस, गालाला पीठ, आणि तोंडात लाटणं. मग तिचा हात खाली आला, नाक ओघळलं आणि ती हसत सुटली, रडत रडत, लहानपणी हसायची तशी हुंदके देत, आणि ते हसणं कुठून कुठे, गोव्याच्या त्या खिडकीपासून लाकडातून, दातांतून, हाडांतून थेट आत आलं. अगदी सबंध आलं.

"आई," श्रेया म्हणाली, "माझं ऐकू येतंय ना तुला? खरंच येतंय ना?"

तोंडात लाटणं असताना छान म्हणता येत नाही. रत्नमालाने मान हलवली, आणि दातांच्या फटीतून, अगदी कडूबाई म्हणायची तसंच, म्हणाली, "व्हय, व्हय."